‘मोळी’ नावाबद्दल थोडी भर

दर सहा महिन्यांनी एकत्र निघणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमच्या संचाला नाव हवंय, त्यासाठी ‘मोळी’ सुचवलंय. अर्थ चपखल, पण रोमनमध्ये ‘ळ’ उरत नाही. लोक ‘मोली’ वाचणार, कुणी ‘मॉली’, आणि शोधणारही तसंच. त्याऐवजी ‘शिदोरी’ ठेवलं तर हा त्रास कमी.

संचाला १.० असा आवृत्ती क्रमांक नको. आतल्या प्रोग्रॅमचे आवृत्ती क्रमांक वेगळे असतात, बग नोंदवणारा नेमका तिथेच गोंधळतो. वर्ष-महिना द्या. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ संचाला १४.१२ (म्हणजे डिसेंबर २०१४) पासून तसाच क्रमांक आहे. २०२१ मध्ये नाव तेवढं ‘गिअर’ झालं.

नाव आधीच कुणाचं नाही ना, यासाठी ट्रेडमार्कचा शोध वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवा) दोन्हींत घ्या, उच्चारसाम्याचाही. ‘सॉफ्टवेअर संच’सारखं निव्वळ वर्णन ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली अडकतं. अर्ज ऑनलाइन होतो (मुंबईत अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयात खेटे नकोत), व्यक्तीला दर वर्गामागे ४,५०० रुपये.