मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर ओठाचा कॅन्सर, गोळ्या बदलाव्यात का?

नमस्कार मंडळी, इथं बरेच ट्रान्सप्लांटवाले आहेत म्हणून लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्या ह्यांचं ट्रान्सप्लांट 2012 ला झालं, किडनी सासूबाईंनी दिली. वय आता 47, तासगावकडं द्राक्षबाग आहे. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस (टॅक), अझाथायोप्रिन आणि रोज 5 मिलिग्रॅम स्टिरॉइड, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) इतक्या वर्षांत 1.3 च्या वर गेलं नाही. सकाळी 9 आणि रात्री 9 ला सासूबाई असतील तिथनं हाक मारतात, गोळी घेतलीस का रे. एक डोस चुकलेला नाही हो.

दिवाळीत खालच्या ओठावर भाताचं शीत वाळून चिकटावं तसं काहीतरी दिसलं. थंडीनं फुटला असेल म्हणून तूप लावलं, मग व्हॅसलीन, खपली पडायची, टॉवेलला रक्ताचा ठिपका, चार दिवसांत परत तसंच. तंबाखू तर डायलिसिस लागलं तेव्हाच सोडलेली, त्यामुळं डोक्यातच आलं नाही. शेवटी फेब्रुवारीत बायोप्सी केली, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर. ऑपरेशन झालंय, कापलेल्या भागाच्या कडा क्लिअर आहेत, मानेत गाठी नाहीत.

आता नेफ्रोचे (किडनीचे) डॉक्टर म्हणतात अझाथायोप्रिन बंद करून एव्हरोलिमस सुरू करू आणि टॅक थोडं कमी करू. त्यांनी सांगितलं की किडनी टिकावी म्हणून ज्या पेशींना आपण गोळ्यांनी दाबून ठेवतो त्याच पेशी शरीरात बिघडलेल्या पेशी हुडकून मारत असतात, त्यामुळं ट्रान्सप्लांटवाल्यांना कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा 2-3 पट असतो, आणि त्यात अझाथायोप्रिननं कातडीला ऊन जास्त बाधतं. हे ऐकून मी तिथंच रडले. एप्रिलच्या खरड छाटणीला हा माणूस उघड्या डोक्यानं दिवसभर उन्हात असतो. पाणी किती प्यायचं, मीठ किती, पपनस खायचं नाही, सगळं आम्हाला सांगितलं होतं, टोपी घाला एवढं कुणी सांगितलं नाही.

तर असं कुणी एव्हरोलिमस किंवा त्याच जातीच्या सिरोलिमसवर गेलंय का? क्रिएटिनिन हललं का नंतर? तोंड येतं म्हणतात, मग ओठाच्या जखमेचं काय? आईची किडनी आहे, ती गेली तर दुसरी कुठनं आणायची ह्या विचारानं झोप लागत नाही. आणि सासूबाई पंधरा दिवस एकच विचारतायत, माझ्या किडनीतनं तर आलं नाही ना हे त्याला. डॉक्टर नाही म्हणाले पण त्यांना पटत नाही, जेवण निम्म्यावर आलंय.

प्रतिसाद:
ताई, आधी आईंना सांगा, किडनी त्यांची असली तरी ओठाची कातडी मुलाची स्वतःची आहे, हा कॅन्सर त्या कातडीतच तयार झालाय, किडनीतनं आलेला नाही. माझं ट्रान्सप्लांट 2009 चं, कानामागं असंच निघालं म्हणून 2019 पासून सिरोलिमसवर आहे, क्रिएटिनिन 1.4 होतं तेवढंच आहे. पहिले दोन महिने तोंड फार आलं, डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर थांबलं. ह्या गोळ्यांनी जखम भरायला वेळ लागतो त्यामुळं ओठ पूर्ण भरल्याशिवाय सुरू करायची घाई नको, सर्जन आणि नेफ्रोवाले दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. आणि आधी लघवीतलं प्रोटीन बघून घ्या, ते जास्त असेल तर ह्या गोळ्या सहसा देत नाहीत. कोलेस्टेरॉल पण वाढतं. टॅक मनानं कमी करू नका, रक्तातली लेव्हल बघूनच. मी दर सहा महिन्यांनी कातडी दाखवतो आणि वर्षातनं एकदा जुन्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या आत तशाच राहिलेल्या किडन्यांची सोनोग्राफी करतो, त्यात पण कॅन्सर होऊ शकतो.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. लघवीतलं प्रोटीन गेल्या वर्षभरात केलेलंच नाही, फाईल उघडून बघितली, सोमवारी करतोय. तुमचा प्रतिसाद आईंना वाचून दाखवला, कातडीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. सोनोग्राफी दरवेळी नवीन किडनीचीच होते आमच्याकडं, जुन्या बघायच्या तर डॉक्टरांकडनं चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्यावं लागतं का?