हवेत थबकणारे सगळेच कापशी नसतात

असं अनेकदा सांगितलं जातं की शेतावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला पक्षी दिसला की तो कापशीच (एक छोटी शिकारी घार) समजावा. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत हे बहुतेक वेळा खरं ठरतं, पण ऑक्टोबर ते मार्चमध्ये नाही. तेव्हा उत्तरेकडून खरुची (ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी) आलेली असते आणि तीही तशीच हवेत थबकते. पुण्याजवळच्या सासवड-जेजुरी रस्त्यावर मी दोन हिवाळे तिला कापशीच म्हणत होतो. फरक रंगात आणि शेपटीत आहे. कापशी पांढरी-राखाडी, खांद्यावर ठळक काळा डाग, शेपटी आखूड. खरुचीची पाठ विटकरी, त्यावर काळे ठिपके, शेपटी लांब आणि टोकाशी काळा पट्टा. दुर्बीण नसली तरी एवढं दिसतं.

आणि रस्त्याकडेचे हे पक्षी बघताना गाडीतून कृपा करून उतरू नका. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, इंजिन बंद करा, काच आधीच खाली असू द्या. गाडीला हे पक्षी फारसे बिचकत नाहीत, दार उघडून माणूस उभा राहिला की लगेच उडतात. तारेवरचा नीलपंख मी असाच दहा मिनिटं बघितलाय. खाली झेपावताना त्याचे पंख उघडतात, तो निळा रंग बघून अजूनही अंगावर शहारा येतो.