'हुजूर', 'पुराणमतवादी' की 'कॉन्झर्व्हेटिव्ह'?

विचारणा: ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपली वर्तमानपत्रं 'हुजूर पक्ष' म्हणत आली. 'मजूर पक्षा'शी यमकही जुळतं. पण एक भाषांतर तपासताना थॅचरबाईंच्या आर्थिक धोरणाला 'पुराणमतवादी' म्हटलेलं दिसलं आणि खटकलं. काय लिहावं?

प्रतिसाद: खटकणारच. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या मूळ शब्दात 'पुराण' नाहीच, 'जपणं' आहे. फ्रेंच क्रांतीनंतर परतलेलं राजघराणं आणि चर्च यांची बाजू घेण्यासाठी फ्रेंच लेखक शातोब्रियां यांनी 1818 मध्ये पॅरिसला काढलेल्या नियतकालिकाच्या नावात हा शब्द होता. 1830 नंतर इंग्लंडमधल्या टोरी पक्षाने तो आपलासा केला. ('टोरी' ही तर मुळात शिवी. आयर्लंडमधल्या लुटारूंना तसं म्हणत.)

तेव्हा जपायचं होतं राजा, चर्च आणि जमीनदारी. त्या काळाला 'हुजूर' अगदी शोभतो. 1846 मध्ये त्यांच्याच पंतप्रधान पील यांनी परदेशी धान्यावरची जकात उठवायचा कायदा केला, तर जमीनदारांची बाजू घेणारे खासदार उलटले आणि पक्ष फुटला. खुला व्यापार म्हणजे त्यांना घात वाटला. आणि 1979 मध्ये याच पक्षाच्या थॅचर पंतप्रधान झाल्या त्या खुल्या बाजाराचा झेंडा घेऊन! किराणा दुकानदाराची मुलगी. तिला 'हुजूर' तरी कसं म्हणायचं? 1984 मध्ये त्यांच्या सरकारने ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून जास्त शेअर विकले. यात पुराणमत कुठलं? पक्षाचं नाव तेच राहिलं, जपायची गोष्ट बदलली.

आणखी एक प्रतिसाद: मराठीत पूर्वी सामाजिक आणि राजकीय भूमिकांची अशी सरमिसळ कमी होती, हे मला फार मोलाचं वाटतं. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलींची वयोमर्यादा 10 वरून 12 केली. टिळकांनी विरोध केला, आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे टिळक जहालांचे पुढारी झाले. म्हणजे समाजकारणात सनातन्यांच्या बाजूला, राजकारणात जहाल, आणि हे सांगायला आपल्याकडे शब्दांच्या दोन वेगळ्या जोड्या होत्या: सनातनी-सुधारक आणि जहाल-मवाळ. आता 'उजवे' या एकाच पोत्यात सगळं कोंबतो.

विचारणा करणारी: मग 1991 मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठलेले कट्टर कम्युनिस्ट? इंग्रजी बातम्यांत तेही कॉन्झर्व्हेटिव्हच.

प्रतिसाद: त्यांना 'जैसे थे वादी' म्हणा. तिथे जपायची होती ती सोव्हिएत व्यवस्था.

विचारणा करणारी: पटलं. पीलच्या विरोधकांना 'हुजूर' ठेवते, थॅचरबाईंना 'कॉन्झर्व्हेटिव्ह', आणि धोरणाला सरळ 'खुल्या बाजाराचं' म्हणते.