पोर्तुगालच्या खेड्यात निवृत्ती: घर घ्यावं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मूळचा पंचवटीचा, पण हयात लेस्टरमध्ये गेली. वय ६३, सौ. ६१. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पुढच्या मार्चमध्ये नोकरीला रामराम ठोकायचा विचार आहे. दोघेही ब्रिटिश पासपोर्टवाले, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे. लेक टोरांटोला, तिचं तिथे बस्तान बसलंय.

नोकरी सुटली की गर्दीत राहायचं नाही हे आमचं फार आधीपासून ठरलेलं. या मे महिन्यात पोर्तुगालच्या आतल्या भागात हिंडून आलो, फुंदांव ते पेनामाकोर. झाडांवर चेरी लगडल्या होत्या. एका खेड्यात घर पाहिलं. ग्रॅनाइटचं, दुमजली. खाली पूर्वी गुरं बांधायचे ती जागा, वर तीन खोल्या, मागे ऑलिव्हची झाडं, विहीर आणि समोर गार्दुन्याचा डोंगर. किंमत ४८ हजार युरो. आमच्याकडे एवढ्यात धड गॅरेज येत नाही. सौ.ने तर स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळस कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं.

बेत असा: लेस्टरचं घर भाड्याने द्यायचं, कंपनीचं पेन्शन सुरू होईल, त्यावर पोर्तुगालचा डी-७ व्हिसा (पेन्शन, भाडं अशा स्थिर उत्पन्नावर तिथे राहायचा) काढायचा. नोव्हेंबर ते मार्च दरवर्षी नाशिकला, भावाकडे. उरलेले सात महिने खेड्यात. माझा जन्म १९६३चा, त्यामुळे ब्रिटनचं स्टेट पेन्शन ६७ला मिळेल, तोवर चार वर्षं ओढायची आहेत. एजंट म्हणतो आगाऊ रक्कम लगेच भरा. कुणी त्या बाजूला राहतं का? बेतात कुठे पाणी मुरतंय ते मोकळेपणाने सांगा.

देवगडचा हापूस

काका, एवढी उठाठेव कशाला? शांत खेडंच पाहिजे तर आमच्या देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात या. भाषा आपली, मासे ताजे, दवाखान्यात जाऊन कुठे दुखतंय ते मराठीत सांगता येतं. परक्या मुलखात म्हातारपण काढायचं म्हणजे मला तरी धाडस वाटतं.

गोदाकाठ

हापूसभाऊ, मन तिकडेच ओढतं. पण ओसीआयवाल्याला भारतात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने आली तरच. आमच्या वाट्याला वारसाने फक्त पंचवटीतल्या वाड्याचा खटला आलाय. फ्लॅट घेता येईल, पण मग लेस्टर काय वाईट आहे?

सांगलीकरीण

गोदाकाठ भाऊ, मी गार्दुन्याच्या दुसऱ्या अंगाला राहते. आम्ही दोघं स्लाउहून इथे आलो. मी शाळेच्या प्रयोगशाळेत होते, हे बसडेपोत. तुम्ही पाहिलं तसली घरं इथे पैशाला पासरी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मे महिन्यात इथे कुणीही भुलेल. चेरीचा हंगाम, जूनमध्ये आल्कोन्गोष्टात होणाऱ्या चेरीच्या जत्रेची तयारी, सगळा डोंगर हिरवा. तुम्ही जानेवारीत या. भिंती हातभर जाड, पण इन्सुलेशनच्या नावाने बोंब. बाहेर ऊन असतं आणि घरात स्वेटरवर स्वेटर. कपाटामागे बुरशी धरते, पापड भाजायच्या आधीच मऊ, हळदीचे डब्यात गोळे. सालामांद्रा म्हणून लोखंडी शेगडी असते, तीत ओकची लाकडं जाळायची. ती खोली उबदार होते, बाकी घर गारठलेलंच. लाकडं सप्टेंबरात भरून ठेवावी लागतात, डिसेंबरात मागाल तर ओली गळ्यात मारतात. आणि तुमच्या बेतानुसार नेमक्या याच दिवसांत घर बंद राहणार! पाच महिने शेगडी न पेटलेलं घर एप्रिलमध्ये उघडलं की पहिला आठवडा भिंती पुसण्यात जातो. तेव्हा एक हिवाळा भाड्याने काढा. डी-७साठी राहायची जागा दाखवावी लागते, त्याला वर्षभराचा भाडेकरार चालतो. घर विकतच घ्या अशी अट नाही.

आता तुमचे पाच महिने. पहिलं रेसिडन्स कार्ड दोन वर्षांचं मिळतं. त्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने मिळून आठ महिने यापेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर कार्ड रद्द होऊ शकतं. दोन हिवाळ्यांचे तुमचे होतात दहा. सबळ कारण असेल तर आधी कळवून सवलत मागता येते, पण भावाकडे राहायला जायचं हे कारण कोण ऐकणार? नाशिकला दरवर्षी तीन महिने धरा आणि उरलेले दोन लग्नकार्य, आजारपण यांना राखून ठेवा.

कागदांकडे वळते. घराचा उतारा ‘उर्बानु’ आणि मागच्या झाडांच्या जमिनीचा ‘रुश्तिकु’, आपल्याकडे प्रॉपर्टी कार्ड आणि सातबारा वेगळा असतो तसं. दोन्ही मागा आणि जागेवर जाऊन ताडून बघा. विहीर नेमकी कुणाच्या तुकड्यात आहे तेही. बऱ्याच घरांचा मूळ मालक वारलेला असतो आणि वारसांपैकी एक फ्रान्सात, एक लिस्बनला, एक कुठे ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांच्या सह्यांशिवाय व्यवहार होत नाही. शिवाय छोट्या शेतजमिनीला लागून ज्याची जमीन आहे त्याचा खरेदीचा पहिला हक्क असतो. विकणाऱ्याने शेजाऱ्याला अटी कळवायच्या, त्याला आठ दिवसांची मुदत. कळवलंच नाही, तर व्यवहाराची माहिती झाल्यापासून सहा महिन्यांत तो कोर्टात जाऊन तुम्ही दिलेली किंमत भरून जमीन स्वतःकडे घेऊ शकतो. मग वर घर तुमचं आणि ऑलिव्ह त्याचे. आगाऊ रक्कम भरण्याआधी स्वतःचा वकील गाठा. एजंटने सुचवलेला नको.

वणव्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण मी ते सगळ्यात आधी बघेन. जून २०१७मध्ये पेद्रोगांव ग्रांदला ६६ माणसं गेली, त्यातली बरीचशी पळून जाताना रस्त्यावर, गाडीत. २०२५च्या ऑगस्टमध्ये पियोदांवला पेटलेला वणवा ६० हजार हेक्टरहून जास्त रान खाऊन आमच्या फुंदांव तालुक्यापर्यंत आला. तेव्हा घराभोवती निलगिरी आणि पाइन किती जवळ आहेत ते मोजा. गावातून बाहेर पडायला दोन रस्ते हवेत. एकच असेल तर घर फुकट मिळालं तरी मी घेणार नाही. घराभोवतालचं ५० मीटरपर्यंतचं गवत-झुडूप दर वसंतात साफ ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, नाहीतर दंड. तुम्ही मार्चअखेर नाशिकहून येणार, गवत कंबरेएवढं झालेलं असणार आणि गवत कापणारा माणूस सगळ्या गावाला त्याच पंधरवड्यात पाहिजे असतो.

दवाखाना: मोठं हॉस्पिटल कोविल्यांवला आणि कास्तेलु ब्रांकुला, दोन्ही ए-२३ महामार्गावर. त्याचा टोल २०२५पासून बंद झालाय. गावच्या आरोग्यकेंद्रात नाव घालता येतं, पण फॅमिली डॉक्टर मिळेलच असं नाही. नर्सबाई मात्र चांगल्या असतात. म्हणून विचारते, वहिनी गाडी चालवतात का? इथे एसटीसारखी गाडी शाळेच्या वेळेला एक जाते, एक येते, सुट्टीत तीही नाही. आमच्या वरच्या आळीत एक डच जोडपं होतं. नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बायकोला गाडी येत नव्हती, साध्या ड्रॉप्ससाठी लोकांची तोंडं बघायची वेळ आली. ते घर विकून फुंदांव गावात फ्लॅटमध्ये गेले. तिथून औषधाचं दुकान, बाजार, रेल्वे स्टेशन सगळं पायी. लिस्बनची गाडी साडेतीन-चार तासांत पोचवते.

एवढं सांगून मी इथे का राहते म्हणाल, तर माणसांमुळे. सकाळी पाववाला येतो आणि दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत पाव टाकून पुढे जातो, हिशेब महिन्याअखेर. एकदा मला ताप होता आणि हे लिस्बनला गेलेले. पिशवी दुपारपर्यंत तशीच लटकलेली बघून समोरच्या ऐंशीच्या आजी काठी टेकत आल्या आणि दार ठोठावत बसल्या. मासळीवाला व्हॅनचा हॉर्न दाबतच गावात शिरतो. चवळी, हरभरे, कोथिंबीर वाण्याकडे मिळते, बाकी मसाले लिस्बनच्या मार्तिम मोनीझहून आणतो. पण हे सगळं पोर्तुगीज येत असेल तर. इंग्रजीवर इथे कॉफीसुद्धा खुणेनेच मिळते. आत्तापासून रोज अर्धा तास शिका, दोघंही. नुसतं तुम्ही शिकून भागणार नाही.

हिशेबनीस

ताईंनी जमिनीवरचं लिहिलंय, मी आकड्यांचं लिहितो. रेडिंगला असतो, पेन्शनचेच हिशेब करतो.

डी-७साठी स्थिर उत्पन्न किमान पोर्तुगालच्या किमान वेतनाइतकं लागतं. ते २०२६साठी महिना ९२० युरो आहे. जोडीदारासाठी त्याच्या निम्मं धरा, म्हणजे दोघांचे १,३८०. दरवर्षी वाढतं (२०२५ला ८७० होतं), म्हणून काठावरचं गणित नको. लेस्टरच्या घराचं येणारं भाडं उत्पन्नात धरता येतं, पण करार हवा.

जुन्या ब्लॉगवर वाचून ‘पेन्शनवर फक्त १० टक्के कर’ असं कुणी सांगितलं तर विसरा. ती सवलत २०२४पासून नव्याने येणाऱ्यांना बंद आहे. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिलात की तुम्ही तिथले करदाते, आणि कर टप्प्याटप्प्याने चढतो. लेस्टरच्या भाड्यावर आधी ब्रिटनमध्ये कर, मग तेच उत्पन्न पोर्तुगालमध्येही दाखवायचं आणि भरलेल्या कराची वजावट घ्यायची. आयसामधले (ब्रिटनच्या करमुक्त बचत खात्यातले) पैसे ब्रिटनला करमुक्त असतील, पोर्तुगाल त्याला ओळखत नाही. निघण्याआधी याचा निकाल लावा.

आणि हापूसभाऊंच्या मुद्द्यावर: स्टेट पेन्शन घेणारा भारतात राहायला गेला की त्याची रक्कम तिथेच गोठते. युरोपियन युनियनमध्ये राहिला तर दरवर्षी वाढते. एप्रिल २०१६ला पूर्ण नवं पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होतं, २०२५-२६ला २३०.२५. तेव्हा निवृत्त होऊन सांगली-नाशिकला गेलेला माणूस आजही १५५.६५च घेतोय. शिवाय स्टेट पेन्शन सुरू झालं की एस-१ नावाचा फॉर्म मिळतो, मग पोर्तुगालमधल्या सरकारी उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतं, अवलंबून असलेल्या जोडीदाराचासुद्धा. भारताशी असा करार नाही. पण काका, हे ६७ नंतर. मधल्या चार वर्षांसाठी खासगी विम्याचे पैसे बाजूला काढून ठेवा. व्हिसालाही विमा लागतोच. आणि पूर्ण स्टेट पेन्शनसाठी लागणारी नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीची ३५ वर्षं भरली आहेत का ते नोकरी सोडण्याआधीच ऑनलाइन बघून घ्या.

देवगडचा हापूस

गोठतं हे माहीत नव्हतं. माझे एक मामा कुर्ला सोडून लंडनला गेले होते, आता कणकवलीला आहेत. अधूनमधून ब्रिटिश सरकारला शिव्या का घालतात ते आज कळलं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. तिला गाडी येत नाही, त्या परिच्छेदाला तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. लेस्टरमध्ये बस दारात येते म्हणून कधी गरज पडली नाही. आता म्हणते, आधी लायसन्स काढते, मग घराचं बोला. लेकीचंही मत फुंदांव गावातल्या फ्लॅटकडेच झुकतंय. मला अजून त्या विहिरीचा मोह सुटत नाही, खरं सांगतो.

सांगलीकर ताई, दोन प्रश्न. जानेवारीपासून तीनेक महिन्यांसाठी भाड्याने जागा मिळेल का? व्हिसाशिवाय आम्हाला ९० दिवसच राहता येतं, म्हणजे पहिली फेरी तेवढीच. आणि एजंटचा काल पुन्हा फोन आला, म्हणे एक बेल्जियन जोडपं त्याच घरावर टपून बसलंय, आठवड्यात कळवा. काय करू?

सांगलीकरीण

जागा मिळेल, हिवाळ्यात बरीच घरं रिकामी असतात. फक्त घरमालकाला विजेचं मीटर किती किलोवॉटचं आहे ते विचारा, कमी असेल तर हीटर आणि गीझर एकदम लावले की अंधार. व्यक्तिगत निरोप पाठवते, ओळखीतलं एक घर आहे, शेगडी चांगली पेटते.

बेल्जियन जोडप्याचं म्हणाल, तर गावाचं नाव मला कळवा. तिथल्या कॅफेत जाऊन ते घर किती वर्षांपासून विकायला आहे आणि वारस किती आहेत ते विचारून येते. एका कॉफीत सगळं कळतं.