प्रतिसाद: ३००० पिक्सेलचा स्कॅन ए-टू छपाईला पुरेल का?

मुलांच्या खोलीत लावायचा जुना जपानी चित्रनकाशा ए-टू आकारात हवा असेल, तर विकत मिळणाऱ्या स्कॅनच्या लांब बाजूचे ३००० पिक्सेल पुरणार नाहीत. ए-टूची लांब बाजू ५९.४ सेंमी, म्हणजे इंचाला जेमतेम १२८ पिक्सेल पडतात. चित्रं एकवेळ चालतील, पण गावांची बारीक अक्षरं फुटतात. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांना, ७०१६ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. विक्रेत्याने फाइल नुसती ताणून मोठी केलेली असू शकते, म्हणून शंभर टक्के झूमचा एक तुकडा आधी मागा. त्यात कागदाच्या घडीवरून जाणारी रेल्वेरेषा बघा. तिथे ती तुटून सरकलेली दिसली, तर तुकड्यातुकड्यांनी केलेल्या स्कॅनचं जोडकाम फसलंय.

कडेची पट्टी कापलेला स्कॅन तर घेऊच नका, छपाईचा सन बहुधा तिथेच असतो. तो जपानी कालगणनेत, उदाहरणार्थ शोवा या कालखंडाचं ७ वं वर्ष असा असेल, तर त्यात १९२५ मिळवा: १९३२. पट्टी नसेलच, तर रंग बघा. कोरिया जपानच्याच रंगात असेल तर नकाशा बहुधा १९१० ते १९४५ मधला. आडवी अक्षरं उजवीकडून डावीकडे दिसली म्हणून चित्र उलटं छापलंय असं समजू नका, युद्धापूर्वी तशीच पद्धत होती.

आणि हो, पैसे देण्याआधी डेव्हिड रम्सी या जुन्या नकाशांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा. तिथे मोठ्या फाइल फुकट उतरवता येतात.