इन्सा लियाँ, बारावीनंतर ‘स्कॅन’ : अभ्यास, फ्रेंच आणि कागदपत्रं

चिंचवडचा_मामा

भाचीला बारावीनंतर फ्रान्समध्ये इन्सा लियाँ या इंजिनिअरिंग संस्थेत ‘स्कॅन’ या इंग्रजीतून सुरू होणाऱ्या शाखेत जागा मिळाली आहे. पाच वर्षांचा सरकारी इंजिनिअरिंगचा कोर्स, त्यातली पहिली दोन वर्षं इंग्रजीतून. जेईईची तयारी झालेली आहे, फ्रेंच ए२ पर्यंत, म्हणजे प्राथमिक पातळीचं. घरात सगळ्यांचं मत असं की गणित-भौतिक तर झालंच आहे, आता फक्त बॅगा भरायच्या. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथला अभ्यास नेमका कुठे वेगळा पडतो? फ्रेंच कितपत लागेल? आणि निघण्याआधी इथूनच काय उरकून ठेवावं? फीचेही दोन वेगवेगळे आकडे ऐकले, ते काय प्रकरण आहे?

सदिश

जेईई केलेल्या पोरांचं घोडं गणित लिहिताना पेंड खातं. उदाहरण देतो. क्रमिकेचं पहिलं पद ०, पुढचं पद काढायचं तर आधीच्या पदात २ मिळवून वर्गमूळ घ्यायचं. सीमा किती? तुमची भाची दहा सेकंदांत ‘२’ म्हणेल. तिथे नुसत्या त्या २ ला जेमतेम एखादा गुण. सगळी पदं ० ते २ मध्येच राहतात हे गणिती विगमनाने दाखवा, क्रमिका वाढती आहे हे दाखवा, वाढती आणि वरून बंदिस्त म्हणून सीमा आहे असं वाक्यात लिहा, फलन संतत आहे म्हणून सीमा त्याच समीकरणात बसते असं म्हणा, मग २ आणि −१ ही दोन उत्तरं काढा आणि −१ का सोडलं तेही सांगा. एक पायरी गाळली की तिचे गुण गेले. ही सवय जून-जुलैतच लावा. रोज दोनच प्रमेयं घ्या, पण सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहा.

भौतिकातही तेच. आधी अक्षरांत सूत्र, मग मिती जुळतात का ते पाहायचं, आकडे अगदी शेवटी. मधेच आकडे घातले तर चूक कुठे झाली हे तपासणाऱ्याला दिसत नाही, मग अर्धे गुणही हातचे जातात.

खुणा वेगळ्या आहेत, त्यात पहिला महिना चिडचिड होते. दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम. टोकं वगळलेलं अंतराल ]०, १[ असं उलट्या चौकटी कंसात. सदिश गुणाकाराला ∧. नैसर्गिक संख्यांमध्ये ० धरतात, आणि ‘धन’ म्हटलं की त्यातही शून्य आलंच. शून्य नको असेल तर ‘काटेकोर धन’ म्हणावं लागतं. उष्मागतिकीत कार्याची खूण सांभाळा : जेईईच्या भौतिकात वायूने केलेलं कार्य वजा करतात, तिथे वायूवर केलेलं कार्य मिळवतात. सूत्र पाठ असणाऱ्यांचं उत्तर इथे हमखास उलट्या चिन्हाचं येतं.

टीपी_वाला

आठवड्याची रचना : मोठ्या सभागृहातलं व्याख्यान म्हणजे सीएम, वर्गाएवढ्या गटात उदाहरणं सोडवायची ती टीडी, प्रयोगशाळा म्हणजे टीपी. सीएमला दांडी मारली तर कुणी फारसं विचारत नाही. टीडी आणि टीपीला हजेरी असते. टीडीची उदाहरणं आदल्या रात्री करून न जाणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक, कारण फळ्यावरून उतरवलेलं उत्तर परीक्षेत आठवत नाही.

टीपी जोडीने असते आणि अहवाल लिहायचा असतो. आपल्याकडच्या जर्नलसारखं उद्देश-साहित्य-कृती उतरवून काम भागत नाही. मापनातली अनिश्चितता किती, आलेखावर ती आडव्या-उभ्या रेघांनी दाखवली का, अपेक्षित किमतीशी फरक का पडला, यावर गुण असतात. तीन सार्थ अंक मोजता येत असताना कॅल्क्युलेटरवरचे आठ अंक उतरवले की लाल शाई ठरलेली.

गुण २० पैकी. १० ला पास, १२ ठीक, १४ चांगले, १६ च्या वर फार थोडे. मामा, पहिल्या सेमिस्टरचे ११ बघून ‘५५ टक्के?’ असं घरी कुणी म्हणू नका. तो हिशेब तिथे लागू पडत नाही. वर्षाला ६० क्रेडिट, सेमिस्टरला ३०. आणखी एक, खेळ आणि मानव्यविद्या हे तिथे सक्तीचे विषय आहेत. खेळाच्या तासाला दांड्या मारून वर्ष अडकवून घेण्यात शहाणपणा नाही.

फ्रेंचमय

भाषेचं कुणी बोललं नाही, आणि स्कॅनवाले तिथेच गाफील राहतात. विज्ञान इंग्रजीत असतं ते पहिली दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी आपापल्या इंजिनिअरिंग शाखेच्या विभागात गेलात की व्याख्यानं, परीक्षा, प्रकल्पाच्या बैठका, सगळं फ्रेंच. म्हणजे भाषेला हातात चारच सेमिस्टर आहेत. ए२ वर जाणं चालेल, पण दुसऱ्या वर्षाअखेर बी२, म्हणजे त्याच्या दोन पायऱ्या वरची पातळी हवीच. पदवीसाठी इंग्रजीचंही बी२ प्रमाणपत्र लागतं, ते तिला अवघड नाही.

धोका असा की स्कॅनमध्ये आंतरराष्ट्रीय मुलं इंग्रजीत बोलतात, वसतिगृहात आपली मंडळी भेटतात, आणि दोन वर्षांत फ्रेंच बेकरीपुरतंच उरतं. उपाय साधा आहे : एखाद्या विद्यार्थी संघटनेत काम घ्यायचं. दर मे महिन्याच्या सुमारास ‘२४ तास इन्साचे’ हा शर्यतींचा आणि संगीताचा मोठा महोत्सव विद्यार्थीच भरवतात. तिथे मंच, वीज, जेवण, तिकिटं यांतलं काहीही अंगावर घेतलं की फ्रेंच बोलल्याशिवाय सुटका नाही.

@सदिश यांना जोड : फ्रेंचमध्ये गणिताची वाक्यं ठरलेली असतात. ‘समजा’, ‘दाखवा की’, ‘यावरून निष्कर्ष काढा’, अशी वीस-पंचवीस वाक्यं पाठ केली तरी प्रश्नपत्रिकेची धास्ती निम्म्याने कमी होते.

सदिश

मान्य. फक्त पहिल्या सेमिस्टरला गणित सोडून फ्रेंचमागे धावू नका. दुसऱ्या वर्षाअखेर कोणता विभाग मिळणार हे आवडीबरोबर क्रमांकावरही ठरतं. संगणकासारख्या मागणीच्या विभागात पहिल्या वर्षाचे कच्चे गुण नडतात.

कागदी_घोडे

फी : २०१९ पासून सरकारी संस्थांमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वेगळा दर आहे. सुरुवातीला पहिल्या टप्प्यासाठी (पदवी पातळी) वर्षाला २७७० युरो आणि पुढच्या टप्प्यासाठी (पदव्युत्तर पातळी) ३७७० युरो होता, नंतर दरवर्षी थोडा वाढत गेला. युरोपीय विद्यार्थ्याला इंजिनिअरिंगला तेव्हा ६०१ युरो होते. तुम्ही ऐकलेले दोन आकडे या दोन दरांचे : एक युरोपबाहेरच्यांचा, एक युरोपीयांचा. काही संस्था फरकाची रक्कम माफ करतात, म्हणून प्रवेशपत्रात सूट लिहिली आहे का आणि ती किती वर्षांची, ते शोधा. नसेल तर ईमेल करून लेखी विचारा.

आता कागद, क्रम महत्त्वाचा. आधी सीव्हीईसी नावाचं विद्यार्थी शुल्क ऑनलाइन भरायचं, त्याची पावती नसेल तर नोंदणी होत नाही. नोंदणीनंतर तिथे शिकत असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर बँक खातं, आणि खात्याचा क्रमांक आला की आरोग्य विम्याची फाईल पुढे सरकते. विमा विद्यार्थ्याला फुकट आहे, अमेली म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. खोलीची किल्ली घ्यायला गेलात की घरविमा मागतात, तो आदल्या दिवशीच काढून ठेवावा. लाँग स्टे व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. तो राहिला तर नाताळात भारतात येऊन परत जाताना सीमेवर पंचाईत.

या सगळ्यात जन्मदाखला अडतो. त्यावर मुलीचं नाव आणि आई-वडील दोघांची पूर्ण नावं हवीत. आपल्याकडच्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असणं नवीन नाही. महापालिकेत जाऊन नाव लावून नवा दाखला घ्या. पासपोर्टवरचं आणि दाखल्यावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळतं का बघा, विशेषतः वडिलांचं नाव. मग राज्य सरकारचं साक्षांकन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. फ्रेंच भाषांतर अधिकृत, शपथबद्ध भाषांतरकाराचंच लागतं.

चिंचवडचा_मामा

दाखला काढून बघितला, नावाची जागा खरंच कोरी आहे! उद्याच पालिकेत जातो. सुट्टीत काम करून खर्च भागेल का?

कागदी_घोडे

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, पण पहिल्या वर्षी वेळापत्रक पाहता तो आधार धरू नका. पुढे इंटर्नशिप दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर मानधन देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र विद्यार्थी, संस्था आणि कंपनी या तिघांच्या सह्यांचा करार पहिल्या दिवसाआधी पूर्ण हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थेचं कार्यालय बंद असतं, तेव्हा सही राहिली तर रुजू होणंच लांबतं. करार जूनमध्येच फिरवायला लागायचं.