प्रतिसाद: केबल बदलू नका, आधी हे वाचा

नवी ४ टीबीची डिस्क बसवताना सॅटा पॉवरची (डिस्कला वीज देणारी) केबल कमी पडली, म्हणून जुन्या पीएसयूची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, केबल लावू का, असं तुम्ही विचारलंय. वर एकाने 'पिन बसली की झालं' म्हटलंय. कृपया तसं करू नका. सुट्या केबलींच्या पीएसयूमध्ये डिस्ककडचं टोक सारखं असतं, पण पीएसयूकडच्या टोकाची जोडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क तिथेच संपते. म्हापशाला माझ्या घरी असंच झालं आणि मुलीच्या लहानपणीचे फोटो गेले. ती हळहळ अजून आहे.

प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की स्थिर विजेचा धोका कमी होतो, संपत नाही. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच डिस्क उचला. सॅटाचं टोक एल आकाराचं असतं, उलटं बसत नाही. जोर लावावा लागला तर थांबा. स्क्रू डिस्कसोबतचेच किंवा त्याच मापाचे, लांब नकोत.

आणि डिस्क 'दिसत नाही' म्हणून घाबरू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) दिसत असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करा, म्हणजे वापरासाठी तयार करा, पण डिस्क नवी, कोरी असेल तरच. तिथे डिस्कवरच्या जागेच्या आखणीची पद्धत विचारतात, त्यात जीपीटी निवडा; एमबीआर ही जुनी पद्धत घेतली तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही.